रसायनशास्त्राचे उच्च माध्यमिक अध्ययन : परिभाषेच्या दृष्टीने

१. प्रश्नाचे स्वरूप

शालान्त परीक्षेपर्यंत ज्या विद्यार्थ्याचे विज्ञान मराठीतून झालेले असते, त्याला अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल टाकताच तोच विषय इंग्रजीतून शिकावा लागतो. महाराष्ट्रात हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे की, त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. भाषा बदलली तरी विषय तोच राहतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. रसायनशास्त्रापुरते बोलावयाचे तर ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे.

गणितात चिन्हांचा आधार मोठा असतो. जीवशास्त्रातील पुष्कळशा संज्ञा आकृतीवर बोट ठेवून दाखविता येतात. रसायनशास्त्राची स्थिती निराळी आहे. परीक्षानळीतील निळा रंग डोळ्यांना दिसतो. परंतु त्या रंगाचे कारण म्हणून जे आयन सांगितले जातात ते दिसत नाहीत. आणि फळ्यावर जे लिहिले जाते ते रंगही नसते व आयनही नसतात, ती केवळ चिन्हे असतात. स्कॉटलंडमधील रसायनशिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉन्स्टन यांनी १९९१ साली या तीन पातळ्यांचे विवेचन केले: दृश्य पदार्थाची पातळी, अदृश्य कणांची पातळी आणि चिन्हांची पातळी. जाणता शिक्षक या तिन्ही पातळ्यांवर एका वाक्यात फिरून येतो. नवख्या विद्यार्थ्याला मात्र आपण कोणत्या पातळीवर आहोत याचेच भान राहत नाही. या पातळ्यांना जोडणारे मुख्य साधन म्हणजे शब्द. म्हणून शब्दांची व्यवस्था बदलली की विषयाची पकडही सैल होते.

परिभाषा मराठी असावी की इंग्रजी, या वादात आजवर पुष्कळ शक्ती खर्च झाली आहे. प्रस्तुत लेखाचा रोख त्या वादाकडे नाही. विद्यार्थ्याची अडचण एखादी संज्ञा कोणत्या भाषेतील आहे यापेक्षा, तिचे इतर संज्ञांशी असलेले नाते त्याच्या मनात शिल्लक राहते की तुटते, यावर अवलंबून असते, हे येथे दाखवावयाचे आहे.

२. संज्ञांची कुळे

मराठी शालेय परिभाषेतील ‘संयुग’, ‘संयुजा’ आणि ‘सहसंयुज बंध’ हे शब्द एकत्र ठेवून पाहावेत. तिघांच्याही मुळाशी ‘युज्’ म्हणजे जोडणे हा धातू आहे. मूलद्रव्ये जोडली जाऊन होते ते संयुग; जोडले जाण्याची क्षमता ती संयुजा; इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून जोडणारा तो सहसंयुज बंध. विद्यार्थ्याने धातुपाठ पाहिलेला नसला तरी शब्दांचे हे साम्य त्याच्या कानाला जाणवते आणि तिसरी संज्ञा प्रथमच भेटली तरी ती पहिल्या दोघींच्या आधाराने कळते. या संज्ञांसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांपैकी ‘व्हॅलन्सी’ आणि ‘कोव्हॅलंट’ यांचे नाते उघड आहे. ‘कंपाउंड’ मात्र निराळ्या कुळातील आहे. याचा अर्थ इंग्रजी परिभाषा सदोष आहे असा नव्हे. तिची कुळे वेगळ्या रीतीने मांडलेली आहेत, एवढाच. अकरावीत येणाऱ्या विद्यार्थ्याचे जुने कूळ जाते आणि नवे कूळ कोणी ओळखीचे करून देत नाही. त्यामुळे कुळाने येणाऱ्या संज्ञा त्याला सुट्या सुट्या पाठ कराव्या लागतात.

परभाषेतील शब्द घेतल्याने नेहमी तोटाच होतो असेही मानण्याचे कारण नाही. ‘प्राणवायू’ हा शब्द मराठीत चांगला रुजलेला आहे. २०२१ सालच्या महामारीत तो घराघरांत पोहोचला. तथापि रसायनशास्त्रात तो अपुरा पडतो. पाण्याच्या रेणूत ‘प्राणवायू’ आहे असे म्हटले की पाण्यात वायू कोंडलेला आहे असा भास होतो. उणे १८३ अंश सेल्सिअसला हा पदार्थ द्रवरूप होतो, तेव्हा ‘द्रवरूप प्राणवायू’ असा अंतर्विरोधी शब्दप्रयोग करावा लागतो. नाव पदार्थाच्या अवस्थेला बांधलेले आहे, आणि मूलद्रव्य तर कोणत्याही एका अवस्थेला बांधलेले नसते. येथे ‘ऑक्सिजन’ हाच शब्द सोयीचा ठरतो.

मात्र ‘ऑक्सिजन’ हेही निर्दोष नाव नव्हे. लाव्हॉयझिए व त्याचे सहकारी यांनी १७८७ साली रसायनशास्त्राची नवी नामपद्धती सिद्ध केली, तीत या मूलद्रव्याला ‘आम्लजनक’ अशा अर्थाचे ग्रीक मुळांतून घडविलेले नाव होते. सर्व आम्लांत हे मूलद्रव्य असतेच, असा त्याचा समज होता. पुढे १८१० साली डेव्हीने क्लोरीन हे स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही हे स्पष्ट झाले. सिद्धान्त मागे पडला, नाव मात्र राहिले. अर्थ विसरला गेल्यामुळेच ते आज निरुपद्रवी आहे. संज्ञेची पारदर्शकता हा गुण असला तरी तो धोक्याचाही ठरू शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

३. भगिनीभाषांतील फसवे साम्य

मराठी विद्यार्थी आज केवळ मराठी व इंग्रजी या दोनच भाषांतून रसायनशास्त्र ऐकत नाही. हिंदीतील पुस्तके व ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने त्याला सहज उपलब्ध असतात आणि ‘हिंदी कळतेच’ अशा विश्वासाने तो त्यांचा आधार घेतो. घोटाळ्याचा उगम पुष्कळदा या विश्वासातच असतो.

मराठीत मूलद्रव्याच्या लहानात लहान कणास ‘अणू’ म्हणतात आणि अणू एकत्र येऊन होणाऱ्या कणास ‘रेणू’. हिंदी, बंगाली व गुजराती या भाषांत पहिल्यास ‘परमाणु’ व दुसऱ्यास ‘अणु’ म्हणतात. म्हणजे एकच शब्द मराठीत एका पायरीवर आणि शेजारच्या भाषांत दुसऱ्या पायरीवर आहे. हिंदीतील ‘अणु’ ऐकून मराठी विद्यार्थी आपल्या ‘अणू’चा विचार करतो, तेव्हा तो रेणूऐवजी त्याच्या घटकाचा विचार करीत असतो. मुंबईतील ज्या संस्थेस मराठीत ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ म्हणतात तिच्या हिंदी नावात ‘परमाणु’ हा शब्द येतो, याचे कारणही हेच. हिंदीची योजना वैशेषिक दर्शनाच्या परंपरेशी अधिक जुळते. त्या दर्शनात परमाणू हा अंतिम, अविभाज्य घटक. दोन परमाणूंचे द्व्यणुक. आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. कवडशात तरंगणाऱ्या धूलिकणाइतके हे त्र्यणुक दृश्य असते असे मानीत, आणि त्यालाच त्रसरेणू असेही नाव आहे. मराठीने ‘परम’ हे विशेषण सोडले आणि ‘रेणू’ हा धूलिवाचक शब्द वरच्या पायरीसाठी घेतला. दोन्ही योजना आपापल्या जागी सुसंगत आहेत. त्यांची सरमिसळ मात्र घातक आहे.

‘क्षार’ या शब्दाचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जे संयुग तयार होते त्यास मराठीत ‘क्षार’ म्हणतात. हिंदीत त्यास ‘लवण’ म्हणतात. उलट हिंदीत ‘क्षार’ म्हणजे अल्क, आणि ‘क्षारीय’ म्हणजे अल्कधर्मी. संस्कृतात हा शब्द राखेतून काढलेल्या दाहक द्रव्यासाठी येतो. आयुर्वेदातील क्षारकर्म आणि आपल्या स्वयंपाकघरातील पापडखार ही त्याच अर्थाची स्मृती होय. व्यवहारातील मराठीत मात्र क्षारपड जमीन, पाण्यातील क्षार असे प्रयोग रूढ होऊन अर्थ खारटपणाकडे वळला. त्यामुळे ‘क्षारीय विलयनात फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होते’ हे हिंदी विधान मराठी कानाला ‘मिठासारख्या पदार्थाच्या द्रावणात ते गुलाबी होते’ असे ऐकू येते. साध्या मिठाच्या द्रावणात तर ते रंगहीनच राहते. येथे विद्यार्थ्याने शब्दाचा अर्थ आपल्या भाषेप्रमाणे बरोबरच घेतला होता. चूक होते ती तेवढ्यामुळेच.

४. ओळखीच्या शब्दांची अडचण

नवी संज्ञा अवघड असली तरी ती अनोळखी आहे हे विद्यार्थ्यास ठाऊक असते व तो सावध राहतो. ओळखीच्या शब्दापुढे तो सावध राहत नाही. ब्रिटनमध्ये कॅसल्स व जॉन्स्टन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, विज्ञानाच्या वर्गात वापरले जाणारे साधे, नित्याचे इंग्रजी शब्द इंग्रजी भाषक मुलांनाही चकवितात, असे दाखविले आहे. तेव्हा ही अडचण केवळ मराठी मुलांची नव्हे.

मराठीतील ‘सौम्य’ हा शब्द उदाहरणार्थ घेता येईल. पाठ्यपुस्तकात ‘तीव्र’ व ‘सौम्य’ ही जोडी आम्लाच्या स्वभावाविषयी आहे, तर ‘संहत’ व ‘विरल’ ही जोडी द्रावणातील त्याच्या प्रमाणाविषयी आहे. बोलताना मात्र पाणी घालून पातळ केलेल्या आम्लासही ‘सौम्य’ म्हटले जाते आणि दोन भिन्न कल्पना एका शब्दात मिसळतात. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे, कारण पाण्यात त्याचे जवळजवळ संपूर्ण आयनीभवन होते. ॲसेटिक आम्ल सौम्य आहे, त्याच्या ०.१ मोलर द्रावणात सुमारे १.३ टक्के रेणूंचेच आयनीभवन होते. आता हायड्रोक्लोरिक आम्लाचे ०.००१ मोलर द्रावण घेतले तर त्याचा सामू ३ येतो, आणि ॲसेटिक आम्लाच्या उपरोक्त द्रावणाचा सामू सुमारे २.९ येतो. सामू जितका कमी तितकी आम्लता अधिक, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘सौम्य’ आम्लाचे द्रावण ‘तीव्र’ आम्लाच्या द्रावणाहून किंचित अधिक आम्लधर्मी ठरते. ज्याच्या मनात दोन्ही जोड्या वेगळ्या आहेत त्याला यात काहीच विरोध दिसत नाही. ज्याच्या मनात त्या मिसळल्या आहेत त्याला हे गणित केवळ चमत्कार वाटते.

‘कमी’ या शब्दाचेही असेच आहे. ४.८ ग्रॅम मॅग्नेशियम ४.८ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळले, तर आधी काय संपेल? वस्तुमान सारखेच असल्याने दोन्ही एकदमच संपतील, असे उत्तर स्वाभाविक वाटते. परंतु अभिक्रिया ग्रॅम मोजीत नाही, ती कणांची संख्या मोजते. मॅग्नेशियमचे येथे ०.२ मोल आहेत आणि ऑक्सिजनच्या रेणूंचे ०.१५ मोल. मॅग्नेशियमच्या दोन अणूंना ऑक्सिजनचा एक रेणू लागतो, म्हणून ०.२ मोलांना ०.१ मोल पुरेसा होतो. मॅग्नेशियम संपते, ८ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड तयार होते आणि १.६ ग्रॅम ऑक्सिजन उरतो. मोलांच्या संख्येने पाहता मॅग्नेशियम ‘अधिक’ होते, तरी तेच ‘कमी’ पडले. व्यवहारातील ‘कमी’ दोन वस्तूंची परस्परांशी तुलना करते. रसायनशास्त्रातील ‘कमी’ प्रत्येक वस्तूची समीकरणाने मागितलेल्या प्रमाणाशी तुलना करते. वाक्यात ही तुलना उच्चारलेली नसते, ती अध्याहृत असते. गणित चुकते ते या अध्याहृत भागापाशी.

‘मोल’ हा शब्द तर मराठीत आधीपासूनच आहे, आणि त्याचा अर्थ किंमत असा आहे. रसायनशास्त्रातील मोलाशी त्याचा काही संबंध नाही. २० मे २०१९ पासून मोल हे एकक ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात एवढ्या कणांचा समूह म्हणून निश्चित झालेले आहे. आपल्या जुन्या संख्यानामांत सांगावयाचे तर सुमारे ६० लाख परार्ध. डझन म्हटल्यावर बारा, तसे मोल म्हटल्यावर ही संख्या, असे प्रथमच स्पष्ट झाले नाही तर मोल म्हणजे वजन अशी समजूत होते व ती दीर्घकाळ टिकते.

५. घरातील रसायन व वर्गातील रसायन

ग्रामीण भागातील विद्यार्थी अकरावीत येतो तो रिक्त हाताने येत नाही. मोरचूद, तुरटी, नवसागर, हिराकस, टाकणखार, कळीचा चुना हे पदार्थ त्याच्या परिसरातील आहेत. माती परीक्षणाच्या अहवालातील ‘सामू’ त्याने पाहिलेला असतो. खतांच्या बोलण्यात नत्र, स्फुरद व पालाश हे शब्द तो लहानपणापासून ऐकतो. परंतु प्रयोगशाळेत कॉपर सल्फेट हाताळताना हेच मोरचूद होय, किंवा फॉस्फरस म्हणजे आपले स्फुरद होय, हे त्याला सांगितले जातेच असे नाही. इयत्ता पहिलीपासून सेमी-इंग्रजी पद्धतीने शिकलेल्या मुलास संज्ञा इंग्रजीतून ठाऊक असतात, पण घरातील शब्दांशी त्यांचा सांधा जुळलेला नसतो. उणीव दोघांचीही आहे, फक्त दिशा उलट आहे.

हा सांधा जुळल्यास काय साधते हे बोर्डो मिश्रणाच्या उदाहरणाने दाखविता येईल. द्राक्षबागेत बुरशीनाशक म्हणून वापरावयाचे एक टक्का मिश्रण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी या प्रमाणात करतात. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते व ते तसेच फवारल्यास पाने करपतात. चुना ती आम्लता नाहीशी करतो. चुना पुरेसा पडला की नाही हे पाहण्यासाठी लोखंडी सुरी किंवा खिळा मिश्रणात बुडवून ठेवतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे असे समजून आणखी घालतात. शेतकऱ्याच्या या परीक्षेत अकरावीचे एक संपूर्ण प्रकरण सामावलेले आहे. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, हे त्याचे ऑक्सिडीकरण. तांब्याचा आयन ते दोन इलेक्ट्रॉन घेतो व धातुरूप तांबे होऊन बसतो, हे त्याचे क्षपण.

‘क्षपण’ या शब्दाची व्युत्पत्तीही येथेच सांगण्याजोगी आहे. त्याच्या मुळाशी क्षय, ऱ्हास हा अर्थ आहे. इलेक्ट्रॉन मिळविण्याच्या क्रियेस ऱ्हासाचे नाव का, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यास पडतो आणि तो पडणे योग्यच आहे. खनिजापासून धातू मिळविताना वजन घटते; पाश्चात्त्य भाषांतील संज्ञेचा अर्थही घट असा घेतला जातो आणि मराठीने त्याच अर्थाचे भाषांतर केले. आजच्या सिद्धान्तानुसार घटतो तो ऑक्सिडीकरणांक: तांब्याचा अंक दोनवरून शून्यावर येतो. एवढे सांगितले की नाव व अर्थ यांतील विरोध मिटतो. मराठी संज्ञाही कळते आणि ‘रिडक्शन’ ही इंग्रजी संज्ञाही त्याच युक्तीने कळते. एका भाषेतील संज्ञेचे स्पष्टीकरण दुसऱ्या भाषेतील संज्ञेसाठी असे उपयोगी पडते.

६. परीक्षेची भाषा

या प्रश्नास अलीकडे एक व्यावहारिक बाजूही प्राप्त झाली आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर घेतली जाणारी ‘नीट’ ही परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. अभियांत्रिकी प्रवेशाच्या ‘जेईई मुख्य’ परीक्षेतही २०२१ पासून मराठीचा समावेश झाला. ही सोय स्वागतार्ह होय. पण दोन वर्षे ज्याने विषय इंग्रजीतून ऐकला, त्याच्यापुढे परीक्षेच्या दिवशी मराठी प्रश्नपत्रिका आली तर ‘समघटकता’, ‘बहुवारिक’, ‘संहती’ या संज्ञा त्याला परक्या वाटतात. शिवाय भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानावा असा नियम आहे. म्हणजे मराठी पाठ निवडणाऱ्या विद्यार्थ्यासही इंग्रजी पाठावर नजर ठेवावीच लागते. केवळ प्रश्नपत्रिकेचे भाषांतर केल्याने अध्ययनातील भाषिक खंड भरून निघत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

७. उपाययोजनेची दिशा

वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेचा केंद्रीय आयोग १९६१ साली स्थापन झाला. महाराष्ट्रात भाषा संचालनालयाने रसायनशास्त्राचा परिभाषा कोश सिद्ध केला. मराठी विश्वकोशाने या विषयावर विस्तृत नोंदी दिल्या. संज्ञांचा तुटवडा आता नाही. परंतु कोश संज्ञा वर्णानुक्रमे देतो, आणि वर्णानुक्रम हा नात्यांचा क्रम नव्हे. विद्यार्थ्यास हवी असते ती संज्ञांची कुळवार व विरोधवार मांडणी.

अकरावीच्या आरंभीचे काही तास या कामासाठी राखून ठेवणे कठीण नाही. एका कोष्टकात मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, घरगुती नाव असल्यास ते, आणि जिच्याशी गल्लत होण्याचा संभव आहे ती संज्ञा, असे चार स्तंभ करावेत. तीव्र व संहत, अणू व रेणू, क्षार व अल्क, मोल व ग्रॅम अशा जोड्या प्रथम घ्याव्यात. हिंदी स्रोत वापरणाऱ्यांसाठी पाचवा स्तंभ जोडावा. विद्यार्थ्याने गणित सोडविण्यापूर्वी प्रश्नातील अध्याहृत तुलना आपल्या शब्दांत, हव्या त्या भाषेत, पूर्ण वाक्याने लिहून काढावी. यासाठी नवे पुस्तक नको, नवा आदेशही नको. शिक्षकाने दोन्ही भाषा एकाच वेळी फळ्यावर राहू द्याव्यात, एवढेच पुरे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांसाठीही येथे काम आहे. कोणत्या संज्ञांच्या बाबतीत विद्यार्थ्यांच्या चुका भाषांतराने उद्भवतात आणि कोणत्या बाबतीत संकल्पनेच्याच अवघडपणाने, हे वेगळे करून दाखविणारे क्षेत्रीय अभ्यास मराठीत व्हावयास हवेत. उत्तरपत्रिकेत दोन्ही प्रकारच्या चुका सारख्याच दिसतात व त्यांना गुणही सारखेच मिळतात. परंतु ‘क्षारीय’ या शब्दाने फसलेल्या मुलास रसायनशास्त्र कळत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असे मानून असा एखादा विद्यार्थी विज्ञान शाखा सोडून जातो, तेव्हा त्याला नेमके काय जड गेले हे तपासण्याची जबाबदारी रसायनशास्त्राच्या अध्यापकाइतकीच भाषेच्या अभ्यासकाचीही आहे.